पट्टीवरचा आकडा आणि पत्राची शेवटची ओळ

वाचकाचं पत्र

"माझे सासरे ७३ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. पित्ताशयात खडे आहेत, दोनदा जोरात दुखून झालंय. सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सांगितलंय. द्राक्षाची छाटणी उरकली की करू, असं तात्या म्हणतात. बीपीची गोळी पंधरा वर्षं चालू आहे. ऑपरेशनला पूर्ण भूल लागणार आणि तिथंच सगळं घर अडलंय. गेल्या वर्षी मिस्टरांच्या मावशींचं खुब्याचं ऑपरेशन झालं, कमरेत इंजेक्शन देऊन. नंतर चार दिवस त्या कुणाला ओळखत नव्हत्या, रात्री उठून 'गाय सोडा, गाय सोडा' करायच्या. भुलीनं डोकं गेलं, असंच सगळे म्हणतात. त्यात दिरांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, ऑपरेशन चालू असताना एक माणूस जागा होता आणि त्याला हलता येत नव्हतं. दवाखान्यात म्हणाले, कपाळाला पट्टी लावून मेंदूवर लक्ष ठेवायचं मशीन आहे, पट्टीचे पैसे वेगळे पडतील. ते घ्यावं का? त्यानं तात्यांचं डोकं शाबूत राहील का? आणखी एक, तात्या रोज संध्याकाळी बागेतनं येताना थोडी घेतात आणि रात्री झोपेची अर्धी गोळी. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. मिस्टर म्हणतात, सांगू नको, उगाच नाव खराब." (एक सून, तासगाव तालुका, जि. सांगली)

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीय, तीही 'आणखी एक' म्हणून. ओपीडीत रोज हेच होतं. पेशंट उठतो, दारापर्यंत जातो, एक पाय चपलेत घालतो आणि मग वळून म्हणतो, "मॅडम, ते एक राहिलंच." गेली २४ वर्षं मी सांगली-मिरजेत भूल देतेय. चपलेत पाय घालता घालता जे ऐकलंय, ते केसपेपरवर क्वचितच सापडलंय. तात्यांच्या संध्याकाळवर मी येणारच आहे. पण घर मावशींपाशी अडलंय, तर आधी मावशी.

त्यांना कमरेत इंजेक्शन दिलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पूर्ण भूल त्यांना मिळालीच नव्हती. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. आमची सुई त्याच्या खाली शिरते, तिथं नुसता नसांचा झुपका पाण्यात तरंगत असतो. औषध जेमतेम दोन-तीन मिली. ते नसांमधली सोडियमची दारं काही तास बंद ठेवतं, त्यामुळे खुब्याकडून निघालेली दुखण्याची खबर वर पोचत नाही. मेंदू आपल्या जागी जागाच असतो. फार तर गुंगीचं एखादं इंजेक्शन जोडीला दिलं असेल.

मग चार दिवस झालं काय? माझी आजी याला 'वात झालाय' म्हणायची. आम्ही डिलिरियम म्हणतो. आजीचा शब्द मला जास्त आवडतो, कारण त्यात भुलीवर आळ नाही. २०२१ साली अमेरिका आणि कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खुबा मोडलेले, पन्नाशी ओलांडलेले १६०० पेशंट होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून निम्म्यांना कमरेतली भूल आणि निम्म्यांना पूर्ण भूल ठरवली. वात होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, पाचांत एक. म्हणजे गुन्हेगार दुसरीकडे होता. मोडलेलं हाड, ठणका, गेलेलं रक्त, लघवीची नळी, घरी राहिलेला चष्मा, रात्रभर डोळ्यांवर जळणारी ट्यूब, दर दोन तासांनी कुणीतरी येऊन दंडाला आवळतंय. अशात म्हातारा मेंदू हातातलं सोडून देतो आणि पन्नास वर्षं रोज केलेलं काम धरतो. मावशींनी गाय धरली.

वात बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. पण 'म्हाताऱ्यांना होतंच असं' म्हणून सोडून देण्याइतका तो साधा नाही. ज्यांना तो होतो त्यांच्यात पुढे विसरभोळेपणा वाढलेला जास्त दिसतो आणि पुष्कळदा तो आधीपासून घरात दबकत आलेला असतो, फक्त कुणी पाहिलेला नसतो. म्हणून तात्यांचं आत्ताच बघून ठेवा. हिशेब पूर्वीसारखा जमतो का? कुठल्या एकराला कुठलं औषध मारलं हे लक्षात राहतं का? एक सोपी चाचणी डॉक्टरही करतात. तीन साधे शब्द सांगायचे, मग कागदावर गोल घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायचं आणि मग ते तीन शब्द परत विचारायचे. घरी निदान करत बसू नका. पण घड्याळ बिघडलं किंवा शब्द सापडले नाहीत तर भूलतज्ज्ञांना सांगा. आम्हाला 'आधी' माहीत असलं तरच 'नंतर' कळतं.

आता पूर्ण भूल. तात्यांना ती बहुधा लागेलच, कारण दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, श्वासाचा पडदा वर ढकलला जातो आणि श्वास मशीननं द्यावा लागतो.

टेबलावर घेतल्यावर मी पेशंटला गावाचं विचारते. तुमच्याकडचा असेल तर यंदा बेदाण्याला काय दर निघाला, हे विचारते. औषध दुधासारखं पांढरंशुभ्र असतं. प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घालून त्याचं दूध करतात. शिरेतून जाताना ते चुरचुरतं. "हात जळतोय, मॅडम," म्हणतात आणि लगेच दराकडे वळतात. किलोला दोनशे... इथं जीभ जड होते. आकडा पुरा झालेला मी फार कमी वेळा ऐकलाय. मी पापणीच्या केसांना हळूच बोट लावते. पापणी हलत नाही.

ही झोप नव्हे. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. आपल्या मेंदूत पेशींना 'थांब' म्हणणारं एक रसायन आहे, गाबा. ते पेशीवरच्या ज्या दारावर काम करतं, त्याच दाराला प्रोपोफॉल टेकून बसतं आणि ते जास्त वेळ उघडं ठेवतं. क्लोराइडचे कण आत येत राहतात, पेशी मंदावते, सहजी पेटत नाही. भुलीचे गॅसही बऱ्याच अंशी याच दारावर काम करतात. केटामिन नावाच्या भुलीच्या आणखी एका औषधाचं दार मात्र वेगळं आहे, ते पुढे कामाला येईल.

मिरजेत राहून तंतुवाद्यांची आठवण टाळता येत नाही. सकाळी सतारमेकर गल्लीतून गेलं की एका दुकानात भोपळा घासतायत, दुसऱ्यात पडदे बांधतायत, तिसऱ्यात जवारी काढतायत. दहा आवाज, दहा सूर, आणि गल्लीचं काम जोरात चाललेलं. जागा मेंदू असा असतो. लहान लहान, भराभर, एकमेकांशी न जुळणाऱ्या लहरी. प्रोपोफॉल दिलं की मोठ्या संथ लाटा येतात आणि त्यांच्यावर कपाळाच्या भागात सेकंदाला आठ ते बारा ठोक्यांची एक सरळ लहर बसते. जणू गल्लीतल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकून एकच सा धरला. कानाला छान वाटेल, पण गल्लीचं काम थांबलं. एका दुकानातून दुसऱ्यात निरोप जात नाही. जाणीव जाते ती अशी. भूल अजून वाढवली की लाटाही तुटतात, मध्येच सपाट रेघ, मग एक झटका, परत सपाट रेघ. म्हाताऱ्या माणसात तिथवर जायचं कारण नसतं.

व्हिडिओतल्या माणसाकडे येते. पूर्ण भूल म्हणजे तीन वेगळी कामं. जाणीव काढणं, दुखणं मारणं आणि स्नायू सैल करणं. तिन्हींची औषधं वेगळी. स्नायू सैल करणारं औषध मेंदूला हातही लावत नाही, ते नस आणि स्नायू जिथं भेटतात तिथला निरोप अडवतं. म्हणजे पहिलं औषध कमी पडलं आणि तिसरं पुरतं बसलं, तर माणूस आतून जागा आणि बाहेरून लाकूड. असं घडतं, हे मी लपवणार नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची मोठी पाहणी झाली आणि २०१४ साली तिचा अहवाल आला. पेशंटनं आपणहून सांगितलेल्या अशा घटना सुमारे १९,००० भुलींमागे एक होत्या. स्नायूंचं औषध दिलेलं असेल तर सुमारे ८,००० मागे एक, दिलेलं नसेल तर सुमारे १,३६,००० मागे एक. या शेवटच्या दोन आकड्यांतच सगळी गोष्ट आली. औषध नसेल तर माणूस हलतो आणि आम्हाला कळतं. मुद्दाम खोदून विचारलं तर प्रमाण वाढतं, हजारांत एक-दोन सापडतात. पुष्कळ घटना ऑपरेशन ऐन रंगात असतानाच्या नसून भूल चढताना किंवा उतरताना घडलेल्या होत्या आणि पूर्ण भुलीतल्या सिझेरियनला प्रमाण सगळ्यात जास्त, ६७० मागे एक. तात्या त्या रांगेत नाहीत. दिरांना एवढं सांगा.

आता ती पट्टी. माणसाच्या मेंदूच्या लहरी कवटीवरून पहिल्यांदा टिपल्या जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गरनी, १९२४ साली. त्या कागदावरच्या रेघांचा शंभरांतला एक आकडा करून दाखवणाऱ्या यंत्राला, बिसला, अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली. कपाळावर तीन-चार टिकल्यांची पट्टी चिकटवायची. जागा माणूस नव्वदीच्या वर, पूर्ण भुलीत चाळीस ते साठ. बघायला मोह पडतो, आणि मलाही पडतो. पण आकडा म्हणजे मेंदू नव्हे. गेल्या काही सेकंदांचा हिशेब करून तो बाहेर येतो, म्हणून नेहमी थोडा मागे असतो. सर्जननी रक्त थांबवायला करंट लावला की तो गोंधळतो. केटामिन दिलं की माणूस खोल जातो आणि आकडा वर चढतो, कारण त्याचं दार वेगळं आणि लहरी वेगळ्या.

आणि एक प्रयोग मी नव्या पोरांना हमखास सांगते. २०१५ साली ऑस्ट्रेलियात दहा डॉक्टरांनी स्वतःवर करून घेतला. भुलीचं औषध अजिबात नाही, नुसतं स्नायू सैल करणारं. एक हात दंडाशी आवळून मोकळा ठेवला होता, त्या हातानं ते उत्तरं देत होते. सगळे टक्क जागे. यंत्राचा आकडा मात्र काहींचा चव्वेचाळीसपर्यंत उतरला. म्हणजे यंत्राच्या मते ऑपरेशन करायला हरकत नव्हती! कपाळाचे स्नायू सैल पडले की यंत्राला ती भूल वाटते. म्हणून आकड्याखालची रेघ वाचायला शिका, असं मी पोरांना सांगते. रेघेत ती आठ-ते-बाराची लहर दिसली तर ती थापा मारत नाही. म्हाताऱ्या मेंदूत तीही बारीक होते, तेवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं.

घ्यावी का, तर दवाखान्यात एक प्रश्न विचारा. "तात्यांना गॅसवर ठेवणार की सगळी भूल शिरेतल्या औषधावर चालवणार?" शिरेतली असेल आणि स्नायूंचं औषधही असेल, तर पट्टीचे पैसे काढून ठेवा, कारण औषध मेंदूपर्यंत किती पोचलं हे मोजायला दुसरं काही नाही. गॅसवर असेल तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक श्वासात किती टक्के गॅस आहे हे मशीन मोजतं. जागेपणाचा धोका जास्त असलेल्या पेशंटांवर यंत्र लावून आणि न लावता झालेल्या २००४ सालच्या अभ्यासात यंत्रानं त्या घटना बऱ्याच कमी केल्या होत्या. २००८ साली दुसऱ्या गटानं निम्म्यांना यंत्र आणि निम्म्यांना गॅसच्या टक्क्यांचा अलार्म अशी तुलना केली, तेव्हा दोन्ही बाजूंना दोन-दोनच घटना निघाल्या. म्हणजे गॅस मोजला जात असेल तर पट्टी नसली म्हणून तात्यांचं ऑपरेशन अडवू नका.

आणि डोकं शाबूत राहण्याची खात्री? ती पट्टी देत नाही. साठीपुढच्या १२३२ पेशंटांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. लहरी बघून भूल हलकी ठेवली त्या गटात वात झाला २६ टक्क्यांना, दुसऱ्या गटात २३ टक्क्यांना. काहीच फरक नाही म्हणा. दोन वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासात हलक्या भुलीच्या बाजूनं निकाल लागला, १९ विरुद्ध २८ टक्के. आमच्यात अजून यावर वाद चालू आहे. माझा स्वतःचा कल असा की वयस्क माणसाला गरजेपुरतीच भूल द्यावी आणि रेघ बघत द्यावी. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी गॅसची गरज साधारण सहा टक्क्यांनी उतरते. ७३ व्या वर्षी पस्तिशीतल्या गड्याचा डोस देणं ही उधळपट्टीच आहे. पण हलकी भूल दिली म्हणजे वात टळला, असं मी कुणाला लिहून देणार नाही.

त्यापेक्षा मी टेबलावर जिच्याकडे जास्त बघते, ती गोष्ट म्हणजे रक्तदाब. मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के आणि ऑक्सिजन खातो वीस टक्के. तो आपल्या रक्तवाहिन्या आवळून-सैल करून रक्ताचा पुरवठा एकसारखा ठेवतो, पण दाब एका मर्यादेच्या खाली गेला की त्याचं काही चालत नाही. पंधरा वर्षं बीपी असलेल्या माणसात ही मर्यादाच वर सरकलेली असते. एखाद्या तरण्या पोराला जो दाब पुरतो, तो तात्यांच्या मेंदूला कमी पडू शकतो. त्यात पित्ताशयासाठी टेबलाची डोक्याची बाजू वर करतात, म्हणजे दंडावरच्या पट्ट्यात जो दाब दिसतो त्याहून मेंदूत कमी असतो. म्हणून तात्यांचा नेहमीचा दाब किती, हे आम्हाला माहीत हवं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घाबरून १८० झालेला नव्हे, घरचा. पंधरा दिवस आधीपासून वहीत लिहा. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी. ती वही माझ्या दृष्टीनं पट्टीहून मोलाची आहे आणि ती दहा रुपयांत मिळते. कुठली गोळी त्या सकाळी घ्यायची आणि कुठली नाही, हे मात्र तुमच्या डॉक्टरांकडून नावासकट लिहून घ्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. 'पांढरी छोटी गोळी' हे नाव नव्हे.

आता तात्यांची संध्याकाळ.

एक जुना प्रसंग सांगते. दवाखाना कुठला ते सोडा, चूक माझीही होती. हर्नियाचं साधं ऑपरेशन, साठीतले गृहस्थ, कपाळाला गंध, हातात माळ. 'काही व्यसन?' 'छे छे.' मी पुढे विचारलं नाही, गंधाकडे बघून गप्प बसले. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, नाडी १२०. तिसऱ्या रात्री त्यांनी सलाईन उपसलं, कॉटवरून उतरले आणि भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागले. मुंग्या नव्हत्या. टाक्यांमधून रक्त यायला लागलं. चौघांनी धरलं. मग बायको मला व्हरांड्यात घेऊन गेली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "रोज क्वार्टर लागती त्यास्नी. तीस वर्षं झाली." घरचे तीन दिवस म्हणत होते, भूल जास्त झाली.

दारू आणि झोपेची गोळी दोन्ही त्याच 'थांब' म्हणणाऱ्या दारावर बसतात. रोज बसल्या की मेंदू त्यांच्या जोरावर आपला ब्रेक ढिला करतो आणि दुसरीकडे पेटवणारी बाजू वाढवून ठेवतो, म्हणजे तोल राहतो. मग एके दिवशी दवाखान्यात दारूही नाही आणि गोळीही नाही. ब्रेक ढिलाच, आणि पेटवणारी बाजू सुटलेली. काही तासांत थरथर सुरू होते आणि दोन-तीन दिवसांनी खरा तमाशा. फिटही येते. यातलं काहीही कपाळाच्या पट्टीला दिसत नाही, कारण तोवर पट्टी कचऱ्यात गेलेली असते. शिवाय रोजच्या पिणाऱ्याला भूलही चढायला जास्त औषध लागू शकतं, म्हणजे दिरांना ज्या व्हिडिओची भीती वाटते, त्याच्याशीही याचा संबंध आहे.

म्हणून सांगा. 'थोडी' म्हणू नका, माप सांगा. आमच्याकडे 'थोडी' या शब्दात तीस मिलीपासून अख्ख्या बाटलीपर्यंत सगळं बसतं. किती वर्षं, दिवसाआड की रोज, देशी की विदेशी, आणि न मिळाल्यास सकाळी हात कापतात का. झोपेच्या गोळीचं नाव आणि ती किती दिवस चालू आहे. आणि एक चूक चुकूनही करू नका. हे वाचून मिस्टर उद्याच बाटली फोडतील, गोळी लपवतील आणि 'आता सुटलं' म्हणतील. तसं एकदम तोडायचं नाही. छाटणीनंतर ऑपरेशन म्हणता, म्हणजे काही आठवडे हातात आहेत. तेवढ्यात डॉक्टर हळूहळू उतरवून देतात, बी-वन जीवनसत्त्व सुरू करतात, लिव्हरच्या तपासण्या बघतात. मिश्री-तंबाखू असेल तर तेही याच वेळी सांगून टाका.

नाव खराब होण्याचं म्हणाल, तर केसपेपरवर लिहिलेलं आम्ही चावडीवर वाचत नाही. मिस्टरांना एवढंच विचारा, तिसऱ्या रात्री वॉर्डात सगळ्यांदेखत मुंग्या झाडल्या तर नाव चांगलं राहील का.

छाटणीवरून आठवलं. छाटणी उरकली की तुमच्याकडे फवारण्यांचा मोसम लागतो. कीटकनाशकांमधल्या एका गटाची, ऑर्गेनोफॉस्फेटची औषधं अंगात गेली की रक्तातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, दबतं. तेच विकर आमचं सक्सामिथोनियम नावाचं, स्नायू सैल करणारं झटपट औषध मोडतं. विकर दबलेलं असेल तर पाच-दहा मिनिटांचं औषध बराच वेळ रेंगाळतं आणि पेशंट मशीनवरून लवकर सुटत नाही. घाबरायचं कारण नाही, आमच्याकडे दुसरी औषधं आहेत. पण ठाऊक हवं. ऑपरेशनच्या आधीचे काही आठवडे ब्लोअर दुसऱ्याच्या हाती द्या, आणि तात्यांनी फवारलं असेलच तर औषधाच्या डब्याचा मोबाइलवर फोटो काढून आणा. असं विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही पहिली काही वर्षं येत नव्हतं. जतच्या एका शेतकऱ्यानं शिकवलं.

उपाशी ठेवण्यावरून घरात भांडण होईल, ते आधीच मिटवते. जेवण सहा तास आधी बंद, तेलकट-मटणाचं असेल तर आठ तास. पण साधं पाणी साधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला आदल्या रात्रीपासून कोरडं ठेवायचं आणि नंबर लागतो दुपारी दोनला. कोरडा पडलेला माणूस भूल देताच दाबानं खाली बसतो. शेवटचा घोट किती वाजता, हे घड्याळाच्या काट्यासह विचारून घ्या आणि तो घोट द्या.

नंतरचं बरंचसं तुमच्या हातात आहे. थिएटरात नेताना चष्मा, कवळी, कानाचं यंत्र काढतात आणि ते रुमालात बांधून कुणाच्या तरी पर्समध्ये जातं. पर्सवाली पाहुणी संध्याकाळच्या एसटीनं परत! ती गाठोडी तुमच्याच हातात ठेवा आणि तात्यांनी डोळे उघडले की चष्मा आणि यंत्र ताबडतोब लावा. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याच्या मेंदूनं गाय नाही सोडायची तर करायचं काय? कॉटसमोर कालनिर्णय टांगा. आज वार कोणता, कुठल्या गावात आहोत, कशाचं ऑपरेशन झालं, हे बोलता बोलता सांगत राहा, परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. दुखत असेल तर औषध मागून घ्या, सहन करणं हा पराक्रम नव्हे आणि ठणक्यानंही वात होतो. सर्जननी परवानगी दिली की त्याच दिवशी खाली पाय सोडून बसवा. दिवसा पडदा उघडा, रात्री दिवा बंद. रात्री झोप येत नाही म्हणून खाजेचं-सर्दीचं गुंगीचं इंजेक्शन द्यायची रीत अजून काही ठिकाणी आहे. एव्हिल, फेनरगन ही नावं ऐकलीत तर नम्रपणे विचारा, "वय ७३ आहे, दुसरं काही चालेल का?" या औषधांनी वृद्धांचं डोकं आणखी गढूळ होतं. आणि टेंपो भरून पाहुणे आणू नका. ओळखीचं एक माणूस, पाळीपाळीनं. रात्री शक्यतो ज्यांचा आवाज तात्या अंधारात ओळखतात ते.

वात नेहमी आरडाओरडा करूनच येतो असं नाही. तात्या अगदीच गप्प झाले, दिवसभर पेंगतायत, हाक मारली तर उशिरा 'हं' म्हणतायत, तर पाहुणे म्हणतील, "किती शांत झोपलेत." तेव्हा तुम्ही सिस्टरना बोलवा. हा गुपचूप वात जास्त चुकतो आणि त्याच्या मागे जंतुसंसर्ग, कमी ऑक्सिजन, तुंबलेली लघवी असं काहीतरी शोधावं लागतं.

राहिला प्रश्न तात्यांना बोलतं कसं करायचं. ते तुमच्यासमोर कबूल करणार नाहीत आणि मुलासमोर तर नाहीच. भूल देणाऱ्या डॉक्टरांची वेळ वेगळी घ्या, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची नको, या आठवड्यातली. पुष्कळ जण सर्जनना चार वेळा भेटतात आणि आम्हाला थेट टेबलावर बघतात, तोंडाला मास्क बांधलेलं. आधी तुम्ही एकट्या आत जा, पत्रात लिहिलंत ते तिथं तोंडी सांगा. मग तात्यांना एकट्याला आत पाठवा, आणि मिस्टरांना घेऊन खाली चहाला जा. अर्धा तास तरी वर येऊ नका.